टकूबाई जेवली का?

९ नोव्हेंबर
आजपासून फिशटँक माझ्या ताब्यात. बाबा, म्हणजे माझे सासरे, खुब्याच्या ऑपरेशननंतर मेहुणीकडे राहणार. तिचं घर तळमजल्यावर, आमच्याकडे जिने. आज हॉस्पिटलात भेटलो तर स्वतःच्या पायाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, टकूबाईला सांभाळा.

टकूबाई म्हणजे टँकमधला सगळ्यात जुना मासा. नारिंगी अंगावर काळे पट्टे, वर मिशा. सासूबाईंनी आणलेली. त्या गेल्या, ही राहिली. खाताना टक्‌ टक्‌ आवाज करते, चक्क बाहेर ऐकू येतो. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमधली, त्यामुळे त्यांचा जीव कानात. रोज संध्याकाळी फोन काचेला लावून त्यांना तो आवाज ऐकवायचा, नाहीतर म्हणे झोप लागत नाही.

ऐकवू की. मी क्वालिटी कंट्रोलचा माणूस. रंगाच्या डब्यांची झाकणं तपासतो. मासे ते काय!

११ नोव्हेंबर
टँक भकास वाटला. बाबांना सरप्राइज म्हणून निऑन जातीचे नवे छोटे मासे आणले. दुकानदार म्हणाला, आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवा. दुसरी टाकी गळ्यात मारायचा डाव मी तिथल्या तिथे ओळखला. घरी आलो, पिशवी फोडली, थेट सोडले.
फोनवर टक्‌ टक्‌ उत्तम. बाबा खूश.

१५ नोव्हेंबर
बायको म्हणाली, एका निऑनवर पांढरे ठिपके दिसतायत. म्हटलं, जातच तशी असते. ती म्हणाली, काल नव्हते. म्हटलं, काल लाइट बंद होता.

१६ नोव्हेंबर, सकाळी
सगळ्यांवर ठिपके! आधीपासूनच्या एंजल माशांचे पंख, मॉली माशांच्या शेपट्या, जणू मीठ भुरभुरलंय. टकूबाई दगडाला अंग घासतेय.  मोबाइलवर शोधलं: व्हाइट स्पॉट, पाण्यातला परजीवी. गारठ्याने बळावतो. बायकोने विचारलं, टँकच्या हीटरचा प्लग कुणी काढला? मोबाइल चार्जिंगला लावताना निघाला असेल. मोबाइल माझा होता हा मुद्दा गौण.
निदान वेळेत झालं हे महत्त्वाचं.

१७ नोव्हेंबर
निळं औषध आणलं. सकाळी घातलं, टँक शाईच्या दौतीसारखा. संध्याकाळी पाणी लख्ख! म्हणजे माशांनी औषध पिऊन टाकलं. इतकी गुणी जनावरं मी पाहिली नाहीत.

१९ नोव्हेंबर
रोज औषध, रोज लख्ख. टकूबाई मात्र टँकमधल्या लाकडाआडून बाहेर येईना. दाणे तळाशी तसेच पडून. नेमका बाबांचा फोन. आता काय करणार? खिशातलं बॉलपेन काढलं आणि फोनजवळ धरून खटका दाबला. टक्‌ टक्‌. बायको दारात उभी राहून बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.
पलीकडून बाबांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग म्हणाले, बरं, जेवली म्हणायची.
पेशंटला ताण नको. हे खोटं बोलणं नव्हे.

२१ नोव्हेंबर
ठिपके गायब! जिंकलो. औषध बंद. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. संकल्प: हा अनुभव लिहून काढायचा, नवशिक्यांना उपयोग होईल. टकूबाई अजून रुसलेली.
पेनात सुधारणा. आता मध्ये थांबतो, चावल्यासारखं वाटतं.

२४ नोव्हेंबर
ठिपके दुप्पट. नव्या निऑनपैकी एकही उरला नाही. दुकानदाराकडे जाऊन चांगलं झापलं. तो म्हणाला, ठिपके जातात तेव्हा किडे तळाशी पडून पिल्लं काढतात. औषध लागू पडतं ते या पाण्यात फिरणाऱ्या पिल्लांवर, आणि तुम्ही तेव्हाच थांबलात. वर विचारलं, फिल्टरमधला कोळसा काढला होता ना? कोळसा औषध शोषून घेतो.
मी म्हटलं, अर्थातच.
घरी येऊन काढला. चांगलाच निळा झाला होता.

२५ नोव्हेंबर
वाया गेलेले दिवस भरून काढायला हवेत. डबल डोस दिला. बायको बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत बसली होती. मी तिला म्हटलं, वाचून मासे बरे होत नाहीत.

२५ नोव्हेंबर, दुपारी
ऑफिसात तिचा फोन. बाटलीवर लिहिलंय, खवले नसलेल्या माशांना अर्धाच डोस. टकूबाईला खवले दिसत नाहीत. तिने निम्मं पाणी बदललं, कोमट करून दुसरं घातलं. म्हटलं, घाबरू नकोस, मी येतोच. मीटिंग होती. उशीर झाला.

२६ नोव्हेंबर
टकूबाई गेली.
लाकडाआड होती. बायकोने हातात घेतली आणि हमसून हमसून रडली. आईची होती ती, एवढंच म्हणाली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. कुंडीत पुरली.
वय झालं होतं तिचं. थंडीही पडली होती. पाणी बदललं की माशांना धक्का बसतो, असंही कुठेतरी वाचलंय. बायकोला हे बोललो नाही.
ती म्हणाली, बाबांना सांग. म्हटलं, वॉकर सुटू दे.
संध्याकाळी फोन आला. पेन वाजवलं.

२ डिसेंबर
बायको अर्धा डोस, कोमट पाणी, कोळसा बाहेर असं रोज करतेय. एंजल आणि मॉल्या सुधारतायत. आमची पद्धत यशस्वी.
दुकानात टकूबाईच्या जातीचे मासे पाहिले. सगळे बोटाएवढे. बाबांना म्हणता येईल, आजारपणात वाळली.
घेतला नाही. का, ते लिहीत नाही.

११ डिसेंबर
बाबा परवा येतायत. जिने चढायची परवानगी मिळाली. संकल्प: दारातच सगळं खरं सांगायचं. भाषण तयार आहे. सुरुवात हवामानापासून.

१३ डिसेंबर
बाबा आले. वॉकर टेकत थेट टँकपाशी. लाकडाआड वाकून बघितलं. मी म्हटलं, बाबा, यंदा गारठा जरा लवकर... त्यांनी हात वर केला. म्हणाले, पेन मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.
मग बोलला का नाहीत, मी विचारलं.
म्हणाले, मी बोललो असतो तर तुम्ही वाजवायचं थांबवलं असतं.
माझं उरलेलं भाषण तसंच राहिलं. मी चुकलो, एवढंच कसंबसं म्हणालो. ते मान हलवून खुर्चीत बसले.
संध्याकाळी बायकोने दाणे टाकले. मासे वर आले, खाल्लं, गेले. आवाज नाही.  जरा वेळाने बाबा म्हणाले, जावईबापू, तेवढं पेन आणा.
आणलं. वाजवलं.
म्हणाले, ती एवढी घाई नव्हती करत.
सावकाश वाजवलं.