सांडपाणी आमच्या अखत्यारीत नाही

१२ सप्टेंबर
नगरपालिकेचं पत्र. वरचं ब्रेझे आणि खालचं ब्रेझे, दोन्ही गावांसाठी एक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. ते बांधून घ्यायची जबाबदारी यापुढे गावांची. वरच्या ब्रेझेचा सरपंच या नात्याने लगेच उत्तर धाडलं : जबाबदारी नगरपालिकेची. सुंदर पत्र झालं. नेद्याल्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरामागचा शोषखड्डा भरलाय, त्याला कोण पत्र लिहिणार?
बायकोला प्रशासन कळत नाही.

३ ऑक्टोबर
नगरपालिका म्हणते, जबाबदारी जिल्ह्याची. जिल्हा म्हणतो, पाणी कंपनीची. कंपनी म्हणते, गावाची. तत्त्वावर एकमत आहे : आपली नाही.
खालच्या ब्रेझेचा सरपंच कुझमान, त्याने मात्र सही करून टाकली. बिचारा. शाळेतही असाच. फळा कोण पुसणार विचारलं की याचा हात वर.

२० नोव्हेंबर
वर्तमानपत्रात कुझमानचा फोटो. खणलेल्या खड्ड्यापाशी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. हेल्मेट त्याला मोठं होतं. मला हेवा वाटत नाही. निरीक्षण नोंदवतो.

२१ नोव्हेंबर
हेल्मेट मागवलं. पांढरं. सरपंचाकडे असावं.

१४ फेब्रुवारी
द्राक्षवेली छाटायचा सण. दोन्ही गावं मळ्यात. यंदाचा द्राक्षराजा म्हणून कुझमानला निवडलं. वेलींचा मुकुट घातला, खांद्यावर घेऊन नाचवलं. गेली कित्येक वर्षं मी वाट बघतोय. म्हातारा योर्दान ओरडला, स्पिरो, मन लहान नको करू, शोषखड्ड्यांचा राजा तूच! सगळे हसले. मीही हसलो.
मग कुझमान जवळ आला. म्हणाला, अरे, तुमच्या गावाचंही पाणी आमच्या केंद्रात सोडा, उतार आहेच. मी म्हणालो, विचार करू. वाइन बरी नव्हती.

१ मार्च
नवा निर्णय : ऑक्टोबरपासून दोन्ही गावांना मिळून एकच सरपंच. निवडणूक होणार. ती मीच जिंकणार, कारण तोवर आपलं स्वतःचं केंद्र उभं असेल. कुझमानच्यापेक्षा मोठं.

९ मार्च
जागा बघितली. केंद्र सगळ्यांना हवं आहे, शेजाऱ्याच्या मळ्यात. योर्दान म्हणाला, तुझ्या जर्दाळूच्या बागेत बांध की. अशक्य. दोन्ही गावांत जर्दाळू फक्त माझे. बाकी सगळे आलुबुखारवाले. माझ्या जर्दाळूच्या राकियाला, असल्या घरगुती दारूला, कुझमानकडे उत्तर नाही. ही एकच गोष्ट तो मान्य करतो.
केंद्राचं काम पुढच्या महिन्यात.

१९ मे
खालच्या केंद्राचं उद्घाटन. गेलो, उणिवा बघायला. रिबन वाकडी. पाहुण्यांच्या स्वागताला पाव आणि मीठ घेऊन उभी असलेली मुलगी नको इतकी हसत होती. पाद्रीबाबांनी तुळशीच्या जुडीने मैल्याच्या टाकीवरसुद्धा पवित्र पाणी शिंपडलं. कुझमानने मला हाताला धरून फोटोत ओढलं.

२१ मे
छापून आलेल्या फोटोत माझा फक्त खांदा आहे. खांदा चांगला आला आहे.

२ जुलै
गावकऱ्यांचा अर्ज : गटार खाली जोडा. पहिली सही नेद्याल्काची. कळलं की कुझमानने पाइप आधीच आमच्या वेशीपर्यंत आणून ठेवलाय. न विचारता. असल्या चांगुलपणाने माणसाचा जीव नकोसा होतो.
सही केली. ‘तात्पुरतं’ हा शब्द मात्र घालायला लावला.

६ ऑगस्ट
उद्या गावच्या भट्टीवर माझी पाळी. कुझमानचा फोन. म्हणाला, स्पिरो, राकिया काढल्यावर उरलेला चोथा गटारात ओतू नको, केंद्रातले घाण खाणारे जिवाणू मरतात, डुकरांना घाल. मी म्हणालो, माझ्या जर्दाळूने आजवर कोणी मेलेलं नाही. फोन ठेवला.
आता मी माझ्याच गावात काय कुठे ओतायचं तेही तोच ठरवणार.

७ ऑगस्ट
राकिया अप्रतिम. चोथा गटारात. सगळा, बियांसकट.

१० ऑगस्ट
केंद्र बंद पडलं! खालच्या ब्रेझेभर दुर्गंधी. मुद्दाम चालत फिरून आलो, हळूहळू. जिल्ह्याला पत्र : चौकशी करा, जबाबदारी निश्चित करा. हेल्मेट पुसून ठेवलं.

१६ ऑगस्ट
इन्स्पेक्टरबाई आल्या. हेल्मेट घालून मी स्वतः त्यांना पाइपच्या तोंडाशी नेलं. लोखंडी जाळी वर काढली. जाळीत बियाच बिया. बाईंनी विचारलं, कसल्या या? दोन्ही गावं माझ्याकडे बघत होती. योर्दान म्हणाला, आलुबुखाराच्या तर दिसत नाहीत. कुझमान पटकन म्हणाला, अहो बाई, उन्हाळ्यात पाहुणे येतात, फळं खातात, काय काय टाकतात. बाईंनी लिहिलं : कारण अज्ञात.
थोडक्यात, माझ्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही.
नेद्याल्का म्हणते, त्याने तुला वाचवलं. मला वाचवणारा तो कोण? आणि हेसुद्धा त्यालाच सुचावं.

१७ ऑगस्ट
सकाळी फाटकाशी बादली. बिया, स्वच्छ धुतलेल्या. नेद्याल्काने फोडून आतल्या गरांचा केक केला. अर्धा खाली पाठवला.

२१ ऑक्टोबर
निकाल लागला. दोन्ही गावांचा सरपंच ठरला. नाव लिहीत नाही.

२८ ऑक्टोबर
नव्या सरपंचाने पहिल्याच मीटिंगला माझं नाव सुचवलं. राकियाच्या हंगामात भट्टीवर बसायचं, चोथा गटारात जात नाही ना ते बघायचं. म्हणाला, अनुभवी माणूस हवा. कोणी हसलं नाही. योर्दानला खोकला आला.
मी उभा राहून विचारलं, ही जबाबदारी नक्की कोणाची? सगळे एका सुरात म्हणाले, तुझी. नेद्याल्काचा आवाज सगळ्यात मोठा.
लेखी मागितलं आहे.
उद्या पहिली पाळी कुझमानची. त्याचा चोथा त्याच्या डुकरांपर्यंत मीच वाहून न्यायचा आहे. हेल्मेट घालीन.