तुळशीपुढचा एस्टोनियन संकल्प

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचं लग्न लागलं आणि मी सगळ्यांदेखत तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. व्याही मंडळी जानेवारीत आमच्या उंबरठ्याच्या आत येईपर्यंत या घरात एस्टोनियनखेरीज एक शब्द बोलणार नाही. साक्षीला शेजारचे रुपराव. त्यांनी विचारलं, एवढं काहून जी? उत्तर दिलं नाही. संकल्प सुरू झाला होता.

कारण इथे लिहितो. लेक भैरवी तिकडे एस्टोनियात, तार्तूला भाषांवर संशोधन करते, आणि तिथल्याच तानेलशी तिचं ठरलं आहे. लग्न नागपुरात. फोन आला की आईशी तासभर बोलते. मला फक्त, बाबा, तब्येत कशी आहे, बरं, ठेवते. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक. भाषा माझ्या हाताखालून गेलेली. लेकीने बोलावं तर माझ्याशी! तिची भाषा मला आली की आपोआप बोलेल. दोन महिने भरपूर झाले.

रोजनिशी मराठीत चालेल. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.

५ नोव्हेंबर

मोबाईलवर ॲप घेतलं. एस्टोनियनला चौदा विभक्त्या! आपल्या आठ. फार आनंद झाला. विभक्त्या जास्त तिथे शिस्त जास्त.

चहात साखर कमी होती. साखर अजून शिकवलेली नाही. म्हणून 'ओउन ओन पुनाने' म्हणालो, म्हणजे सफरचंद लाल आहे. बायको प्रेमलता तिच्या नागपुरीत म्हणाली, हाव, म्हणजे हो. चहा तसाच प्यायलो. साखर कमीच बरी.

११ नोव्हेंबर

प्रेमलताची तक्रार: बाथरूमची कडी अटकून राहिली, सुताराले फोन करा ना. सुताराला एस्टोनियन येत नाही. चिठ्ठ्या लिहून कामं करून घेणं ही पळवाट झाली. घराबाहेर मराठी बोलायला मोकळीक आहे, पण बाहेर पडलं की कडी आठवत नाही.

प्रगती उत्तम. 'तेरे होम्मिकुस्त' म्हणजे सुप्रभात. दिवसभर वापरतो.

१६ नोव्हेंबर

जरा अडचण. दोन दिवस जेवणात नुसती वांगी. नको कसं म्हणायचं ते पुढच्या धड्यात आहे.

देवळात जाऊन गुरुजींना सहज विचारलं की संकल्प मागे घेता येतो का. एका मित्रासाठी विचारतोय म्हणालो. गुरुजी म्हणाले, पाणी सोडलं की सोडलं, मित्राला सांगा.

२० नोव्हेंबर

धक्का. एवढासा देश, आपल्या नागपूर जिल्ह्याहून कमी माणसं, आणि त्यांच्यातही बोली! तानेलची आजी लेइदा दक्षिणेकडची. तिकडे घरात 'वोरो' बोलतात. शेजारच्या लाटव्हियाचे शब्द, रशियन शब्द, जुने जर्मन शब्द, सगळं त्यात मिसळलेलं. आभार मानायचे तर पुस्तकात 'ऐतॅ', आजी म्हणते 'ऐत्युम्मा'. लेइदाबाईंना शाळेत वोरो बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करायचे, आणि भैरवीचा प्रबंध नेमका याच विषयावर आहे म्हणे. हे सगळं प्रेमलताकडून कळलं. ती डोळे पुसत सांगत होती, त्या म्हातारीले किती वाईट वाटलं असन वं माय.

मला त्या मास्तरांबद्दल आदर वाटला. भाषा अशीच टिकते. प्रेमलता उमरेडची, तिचं 'मले-तुले' मी इतकी वर्षं पोटात घातलं, पण भैरवीच्या बाबतीत ढिलाई केली नाही. लहानपणी ती 'बाबा, मले पाणी द्या' म्हणाली की मी ऐकूच आलं नाही असं दाखवायचो. मग पोरगी शुद्ध बोलायला लागली. पुढे कमी बोलायला लागली, पण मुली मोठ्या झाल्या की होतंच तसं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज तिकडच्यांशी व्हिडिओ कॉल. मी कोट घातला. 'तेरे होम्मिकुस्त, मी भारतातून आहे' असं स्वच्छ एस्टोनियनमध्ये म्हणालो. इकडे संध्याकाळ होती, पण वाक्य निर्दोष होतं. लेइदाबाई हसल्या आणि वोरोत खूप काही बोलल्या. एक अक्षर कळलं नाही. मी सफरचंद लाल असल्याचं सांगितलं.

मग प्रेमलताने फोन हातात घेतला. थंडी किती हाय तिकडं, सांधे दुखते का जी, हे पाहा लुगडं, आमच्याकडच्या मागावरचं हाय. लेइदाबाई वोरोत, ही नागपुरीत, मधे भैरवी दोघींचं एकमेकींना सांगत होती आणि हसत होती. अर्धा तास. भैरवीला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

दोन्ही शुद्ध भाषा मला येतात, आणि त्या खोलीत दोन्हींपैकी एकही चालू नव्हती. कोट काढून ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

घडलं ते लिहायलाच हवं.

सकाळी अंघोळ झाली आणि कडी उघडेना. अंगावर पंचा, बाहेर नागपूरची थंडी. मोबाईल स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर. 'मदत करा' अजून शिकवलेलं नाही. दारावर थापा मारून ओरडलो, तेरे होम्मिकुस्त! बाहेर प्रेमलता व्हिडिओ कॉलवर भैरवीला सांगत होती, तुये बाबा अभ्यास करून राहिले. पुन्हा ओरडलो, मी भारतातून आहे! ती म्हणाली, हाव जी, मालूम हाय.

खिडकीला जाळी. दम लागला. सफरचंदही ओरडून झालं. आणि मग तोंडातून निघालं ते असं: अवं प्रेमे, काहून ऐकून नाही राहिली वं! मी अंदर अटकून राहिलो ना! दार खोल, मले भेव लागून राहिलं!

हे शब्द कुठून आले कळलं नाही. गावी, सावनेरच्या घरी आई होती तोवर असंच बोलायचो. नोकरीला लागलो तेव्हा सोडलं.

रुपरावांनी हातोड्याने कडी तोडली. संकल्प मोडल्याचं त्यांनीच लक्षात आणून दिलं. फोन चालूच होता. भैरवी विचारत होती, आई, ते कोण होतं? प्रेमलता म्हणाली, तुये बाबा. मग भैरवीने मला फोनवर बोलावलं. मला, स्वतःहून! म्हणाली, बाबा, तुमाले हे येते? पुन्हा बोला ना.

मी पंचा सावरला, घसा साफ केला. म्हणालो, नमस्कार भैरवी, तुझी प्रकृती कशी आहे?

ती म्हणाली, बरी आहे बाबा. ठेवते.

१५ डिसेंबर

सुतार येऊन गेला. नवी कडी लोण्यासारखी सरकते. ॲप काढून टाकलं. वोरोचं पुस्तक मागवावं असा विचार होता, तोही सोडला.

अंघोळीच्या निमित्ताने आत गेलो आणि कडी लावून घेतली. गरम पाण्याचा नळ सोडून आरशापुढे हळू आवाजात सराव केला. भैरवी, मला. भैरवी, मला. एकच वाक्य म्हणायचं होतं, मले तुयाशी बोलाचं हाय. 'मले' काही केल्या येईना. काल न बोलावता आलं होतं.

पाणी वाहून वाहून गार झालं. प्रेमलताने बाहेरून दार वाजवलं, पुन्हा अटकले का जी?

कडी नीट उघडत होती. म्हटलं, हाव.