सूनबाईचं इंग्रजी, आणि माझं

३ जून ५७, सोम.
हिचे गुडघे आज बरे. सूनबाईचा खोकला गेला. मुलगा बाळू भोपाळला, नव्या राजधानीत कारकुनी; खोली मिळेना, तब्येत ठीक म्हणतो. माझे उरलेले दात मजेत.
पुढच्या सोमवारी सूनबाईची मुलाखत. मुलींच्या शाळेत इंग्रजीची जागा. रोज संध्याकाळी मी वाचतो, ती मागून म्हणते. माझं इंग्रजी डब्यांवरच्या लेबलांतून नि जुन्या पेपरांतून आलेलं. गुरू नाही, पण गाडी चालते.

५ जून, बुध.
ही म्हणाली, "शेजारच्या पोरीला शिकवताना सूनबाई 'लिसन' म्हणते. तुमच्यापुढे 'लिस्टन'. खरं काय?"
डिक्शनरी काढली. टी लिहायचा, बोलायचा नाही. घ्या!
सूनबाईला विचारलं. पदर सावरत म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून, मामंजी."
आता काळजी वेगळीच. मुलाखतीत कुणी वडीलधारे साहेब चुकले, तरी सूनबाई मान डोलावणार. जागा गेली मग.

६ जून, गुरु.
तोड काढली. मी मुद्दाम चुकीचं वाचायचं, तिनं तिथल्या तिथं टोकायचं. 'नाइफ'चा के ठणकावून म्हटला. 'वेन्सडे'चा डी वाजवला. सूनबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरतेय.
स्वयंपाकघरातून ही: "अगं, बोल की! मी इतकी वर्षं बोलतेय, झालं का त्यांना काही?"
हसली. मग हळूच, "नाही, मामंजी. डी बोलत नाहीत."
शाब्बास!

८ जून, शनि.
आज पुष्कळ टोकलं. सगळ्याच चुका मुद्दाम नव्हत्या. तिला तसं सांगितलं नाही. ओळखलंच असेल.

१० जून, सोम.
टांग्यानं गेली, आली.
"एक म्हातारे साहेब 'आयलंड'ला 'आयस्लंड' म्हणाले. मी म्हटलं, नाही सर, एस बोलत नाहीत."
"मग?"
"चष्मा काढून बघत राहिले. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई हसल्या."
"कौतुकानं, की..."
"कळलं नाही, मामंजी. पण मी बोलले."
निकाल कळायचाय, तरी हिला शिरा करायला सांगितला.

१४ जून, शुक्र.
टपाल आलं, शाळेचं नाही. सूनबाई निवांत, दारात खेटे माझेच. जेवताना म्हटलं, वरण खारट झालंय. "नाही, मामंजी, बराबर आहे." पुन्हा चाखलं. होतं बराबर. ही तोंडाला पदर लावून हसतेय.
शाळावाल्यांनो, हो की नाही, जे असेल ते असो. पण लवकर कळवा रे बाबा.