पेनफोल्डचा न्यायाधीश

शुक्र. १२ मे, सकाळी ९
पेनफोल्डला पोचलो. या गावात कायम १७७४ साल. पगारी माणसं जुने कपडे घालून त्या काळातलं जगतात आणि अख्खं कनेक्टिकट राज्य तिकीट काढून बघायला येतं. यांच्यात न्यायाधीश बनणाऱ्याचे गुडघे गेले, जागा रिकामी आहे. रविवारी चाचणी. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, माझी कसली चाचणी घेताय? पण निवृत्तीनंतरची तीन वर्षं सोफ्यावर काढलीत. ही जागा मिळालीच पाहिजे. बायकोला, व्हर्नाला, सोबत आणलंय. टाळ्या वाजवायला घरचं कुणीतरी हवं.

दुपारी १
काय हा कारभार! पाद्र्याच्या विजारीला चेन. स्वयंपाकघरात पिवळा स्पंज. लोहाराचा चष्मा प्लॅस्टिकचा. त्याला तोंडावर विचारलं. म्हणाला, "सरकार, डोळे देवाने दिले, चष्मा बोस्टनच्या व्यापाऱ्याने. तक्रार कुणाकडे करू?" लोक खो खो हसले. अडाण्यांना हसायला काय लागतं! एकूण चुका एक्केचाळीस.

शनि. १३ मे, सकाळी १०
चुकांची यादी व्यवस्थापिकेला दिली. मिस फिलब्रिक, पंचविशीतली पोरगी. "बाप रे सर, एवढं लिहिलंत?" म्हणाली. भारावलीच. संकल्प: डोनट बंद. त्या काळच्या विजारी तंग असायच्या.

संध्या. ५
दोन डोनट. उद्या ताकद लागणार आहे.
व्हर्ना दिवसभर स्वयंपाकघरात, बीन्सच्या मडक्याशी. म्हणते, "चेस्टर, इथे स्वयंपाकीणही हवीय. मीही नाव दिलंय, गंमत म्हणून." पोट धरून हसलो. म्हटलं, "अगं, तेव्हा राजा कोण होता ते तरी माहितेय का?" तर म्हणते, "राजाला बीन्स आवडायच्या का, ते सांग. बाकी तुझं तू बघ." कठीण आहे.

रवि. १४ मे, सकाळी ८
विग टोचतोय. मोठ्या माणसांना टोचायचाच.

दुपारी ३
नियम एकच: तासभर १७७४ सोडायचं नाही. दोन मिनिटं मी गाजवली. मग टोपी घातलेला एक म्हातारा पुढे आला. तोही उमेदवारच. निवृत्त प्लंबर. म्हणतो, "काय न्यायाधीश, शहात्तर साली इंग्रजांशी लढाई जिंकलीत की!" आता हे ऐकून कोण गप्प बसेल? ओरडलो, "मूर्खा, शहात्तरला नुसता स्वातंत्र्याचा जाहीरनामा! तह त्र्याऐंशीला, पॅरिसमध्ये!" कलमंही सांगणार होतो. मिस फिलब्रिकने घंटा बडवली. "सर, चौऱ्याहत्तरातल्या माणसाला हे कळलं कसं?"
म्हटलं, अभ्यासातून.
लोहार भट्टीकडे तोंड करून गदागदा हलत होता. मला ज्ञान जास्त झालं, एवढाच दोष.
म्हाताऱ्याने व्हर्नालाही तेच विचारलं. ती म्हणाली, "कसली लढाई? आधी ते दार लावा हो, धूर आत येतोय." नेमणूक जागच्या जागी! अज्ञानाला पगार मिळतो, हे आज कळलं.
न्यायाधीशाच्या जागेचा निकाल फोनने कळवणार आहेत. आशा आहे. दुसरं आहे कोण?

बुध. १७ मे
फोन आला. व्हर्नासाठी. एप्रनचं माप हवं होतं.

शनि. २० मे, दुपारी ४
व्हर्नाचा कामाचा पहिला दिवस. मी फाटकाबाहेर बाकावर थांबलो होतो, देखरेखीसाठी. धो धो पाऊस आला. मोटारीची किल्ली तिच्याकडे. आत जायला मला, मला, तिकीट काढावं लागलं.
स्वयंपाकघरात तीसेक माणसं. म्हटलं, "व्हर्ना, किल्ली दे."
तिने मला खालून वर न्याहाळलं. "अहो महाशय, कसली किल्ली? घोडा कुठे बांधलात?"
हशा. मी दबक्या आवाजात म्हटलं, "चेष्टा पुरे. भिजलोय मी. अगं, नवरा आहे मी तुझा!"
"अगंबाई! माझे यजमान तर हे काय, समोर बसलेत. गावचे न्यायाधीश आहेत."
टेबलाशी तो प्लंबर. डोक्यावर विग, पुढ्यात बीन्स. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "कोण गं हा?"