आरोपीच्या खुर्चीत

एलिसेओदादा,

सोमवारी ग्वाटेमालाच्या मोठ्या कोर्टात तू साक्षीदार बायांकडे तसाच बघशील, मान तिरपी करून, बोटाने टकटक करत. सार्जंट होतास तेव्हा ट्रकच्या फळीवर अशीच टकटक करत तू गावातले पुरुष आत चढवलेस. त्यांत माझा नवराही होता. एकही परत आला नाही.

आमच्या वकीलबाई बायांकडून साक्षीची तालीम घेतात. आरोपीच्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. मी म्हटलं, "मी बसते. तोंडावळा त्याचाच आहे माझा."

पहिल्या दिवशी मी टेबलावर टकटक केली, तर म्हाताऱ्या पेत्रोनाच्या हातातला अटोलचा, मक्याच्या गरम पेजेचा पेला खाली पडला. मला रडू फुटत होतं, तरी मी नजर हटवली नाही. रोज जाऊन बसले, रोज टकटक केली.

काल पेत्रोना साक्ष देता देता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ठोक बाई, ठोक. तुझं झालं की मी पुढचं सांगते." सगळ्या बाया खो खो हसल्या.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू आधीच सावध झालास तर बायांची मजा जाईल.

सोमवारी खुशाल ठोक, दादा.

तुझ्याच तोंडावळ्याची,
ऑब्दुलिया