बाबाच्या औषधाची भाजी

ता. ४ जून

चि. मोठीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोलीतला पंखा दुरुस्त झाला का, ते लिहिलंच नाहीस. असो, आधी माझी बातमी ऐक, सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझ्या बाबाचा रक्तदाब चढलाय. आगारात बस हाकणाऱ्यांची तपासणी झाली, त्यात सापडला. महिन्याने पुन्हा बघणार, आणि तेव्हाही चढलेला असला तर त्याला चाकावरून उठवून आगाराच्या फाटकावर बसवणार. दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघत बसण्यापेक्षा घरीच बसेन म्हणाला.

म्हणून मी त्याला दवाखान्यात नेला. नेला म्हणजे तो पुढे आणि मी मागून ढकलतेय. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या आणि खाली काय लिहावं? भाज्या. पालक, गाजर, दुधी, रोज दोन्ही जेवणांत. मला वाटलं थट्टा करतायत. पण तिथे औषधांच्या खिडकीला लागून दुसरी खिडकी आहे. चिठ्ठी दाखवली की ताज्या भाजीची पिशवी हातात. पलीकडे शेगडी मांडलेली खोली, तिथे आहाराच्या बाई कमी तेला-मिठात चवीचं कसं करायचं ते शिकवतात. माझ्या वयाच्या तिघी-चौघी होत्या. एकीच्या सुनेच्या चुगल्या ऐकता ऐकता दुधी कधी शिजला कळलंही नाही. दवाखान्यातून हसत घरी यायची माझी ही पहिलीच वेळ.

आता घरी सगळं काटेकोर चाललंय. बाबाचं औषध वेगळ्या पातेल्यात शिजवते, वाटीने मोजून देते, उरलेलं वर फडताळात ठेवते. बाकीच्यांना आपलं नेहमीचं तळण. तुझ्या धाकट्या बहिणीने, चिमणीने, गाजर उचललं तर मी हातावर चापट दिली, दुसऱ्याचं औषध खाऊ नये म्हणून. भाजी बघून नाक मुरडणारी ती पोर आता फडताळाखाली घिरट्या घालते.

बाबा मात्र वाटी संपवतो आणि लगेच आमच्या ताटातलं तळण उचलतो. औषध घेतलं ना, मग झालं तर, म्हणतो.

लोभ आहेच, पत्र तेवढं लांब लिही.

तुझी आजी

ता. ११ जून

ती. आजीस मोठीचा सा. न. वि. वि.

पंखा चालू झालाय, आवाज मात्र गिरणीसारखा करतो. तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं, आम्ही लोळून लोळून हसलो. रागावू नकोस. अगं आजी, भाजी फडताळात दडवून ठेवणारी सगळ्या जगात तू एकटीच असशील.

एक विचारू? त्या बाई शेगडीपाशी तुला उभं करतात, बाबाला का नाही करत? घरात रांधतेस तू, आणि तुझं पातेलं सगळ्यांचं असतं म्हणूनच ना? समोर तळणाचं ताट असताना बाबाने हात आवरावा म्हणजे मांजराने दुधाची राखण करावी तसं झालं. एकदा विचारून तर बघ त्यांना. मला बाबाची फार काळजी वाटते. फाटकावर तो वाळून जाईल गं.

माया आहे तशी असू दे, चापटी चिमणीलाच राहू देत.

तुझी मोठी

ता. ६ जुलै

चि. मोठीस आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

विचारलं. आहाराच्या बाई एवढ्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, आजी, ही भाजी सगळ्या घराची. झालं, त्या दिवसापासून एकच पातेलं. तुझ्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला, दोन-दोन स्वयंपाकांची भांडी तीच घासत होती ना. बाबाने विचारलं, घरात दुष्काळ पडलाय का? पण उचलायला कुणाच्याच ताटात तळण नाही, करतो काय? कुरकुरत जेवला. पुढे पुढे पालक परत मागायला लागला, तेही मान खाली घालून, चोरी केल्यासारखा.

आज तपासणी होती. मी आगारातल्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. बाबा बाहेर आला, पण तोंडावरून काही कळेना. त्याचा चेहरा तुला ठाऊक आहे, लॉटरी लागली तरी सांडग्यासारखा. जवळ येऊन एवढंच म्हणाला, चल आई, गाडी काढायचीय.

उतरलाय गं, रक्तदाब उतरलाय. गोळ्या चालू, भाजी चालू आणि तुझा बाबाही चालू.

इतकी वर्षं तो बस हाकतोय, पण मी कधी त्याच्या गाडीत बसले नव्हते. गर्दी असते, तुला झेपायचं नाही, म्हणायचा. आज त्याने मला आपल्या मागच्याच बाकावर बसवलं. वाटभर मी त्याचे हात बघत राहिले, एवढं मोठं चाक, पण वळणावर कसं लोण्यासारखं फिरवतो. शेजारचीला सांगितलं, हा माझा आहे. तिने विचारलं नव्हतं.

आपला थांबा आला तशी त्याने गाडी पार बंद केली, आणि मागे वळून सगळ्या उतारूंना म्हणाला, आई उतरतेय, जरा दम धरा.

खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच सावकाश उतरले.

सुट्टीत ये, त्याच्याच गाडीने ये, आणि तोवर या म्हातारीची आठवण ठेव.

तुझी आजी