आईचा झटपट होकार

रविवार, दुपार

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. आत्ता आतल्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपली आहे आणि घोरत नाही असा तिचा दावा आहे. भावोजींचा गुडघा कसा आहे? पिल्लूचे पुढचे दात आले का? दात नसताना ती जे गोड बोबडं बोलते ते मला भारी आवडतं, तेव्हा दातांना फार घाई करू देऊ नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशीलच. कारण फोन कानाला लागला की माझा आवाज कामाला लागतो. तू चिडलीस की मी मऊ होते, तू म्हणालेलंच तुला परत म्हणून दाखवते, आणि पाच मिनिटांत तू "बरं बाई, तू म्हणतेस तसं" म्हणून मोकळी होतेस. या वेळी मला ते नको आहे. तू हे वाचून पाकीट भिंतीवर फेकलंस तरी चालेल.

तर आईचं. तलावाच्या काठावर पोरांना पोहायला शिकवताना ती चक्कर येऊन पडली, तेव्हा तू मला म्हणालीस, "दिवसभर अनोळखी लोकांना पटवतेस, एका आईला नाही पटवता येत?" आणि शिकवणं थांबवायला मी तिला एका चहात पटवलं. शिट्टी, निळी टोपी, सगळं तिने गुपचूप कपाटात ठेवून दिलं. तू मला शाबासकी दिलीस, मीही ती ऐटीत घेतली. पण मी हे केलं कसं, ते तुला सांगितलं नाही.

आमच्या कॉल सेंटरला इंटरनेटचं कनेक्शन बंद करायला जे ग्राहक फोन करतात, त्यांचे फोन माझ्या टेबलाकडे वळवले जातात. "बंद करू नका" असं आम्ही कधीच म्हणत नाही. प्रश्न असा विचारायचा की "राहू दे मग" हे ग्राहकाच्याच तोंडून निघावं. आणि विचारलं की तोंड मिटून बसायचं. ती शांतता समोरच्याला सोसत नाही, तो काहीतरी बोलून ती भरतो, आणि स्वतः बोललेलं माणूस सहसा मोडत नाही. मी यात वस्ताद आहे, ताई. नव्या मुलींना माझी संभाषणं ऐकवतात.

आईला मी एकच विचारलं, "तू पडलीस तेव्हा पाण्यातल्या पोरांना काय वाटलं असेल गं?" आणि गप्प बसले. चहाच्या कपाकडे बघत राहिले. आई आधी म्हणाली, "घाबरली असतील बिचारी." मी गप्पच. मग म्हणाली, "मग आता मीच थांबायला हवं, नाही का?" झालं. मी तिचा हातसुद्धा धरला नाही, कारण अशा वेळी मध्ये काही करायचं नसतं.

त्यानंतरची आई तू बघितली नाहीस. फोनवर तुला वाटलं, किती शहाण्यासारखं वागतेय. ताई, ती सगळ्याला हो म्हणायला लागली! भाजी कुठली करू? कुठलीही. पडदे बदलूया का? बदल. मी मुद्दाम तिचा आवडता, दांडी मोडलेला मग टाकून देऊ का विचारलं, तर म्हणाली, टाक. जिने आयुष्यभर रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घातली, ती माझ्याशी एका मगासाठी भांडेना.

आमच्या कामात आम्ही भांडणाऱ्या ग्राहकाला घाबरत नाही. तो आरडाओरडा करतो म्हणजे त्याला अजून आपल्याकडून काहीतरी हवं असतं. पटकन हो म्हणून फोन ठेवणारा मात्र नंतर न सांगता निघून जातो. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि आईच्या बाबतीत मात्र मी तोच होकार मिठाई वाटल्यासारखा तुला कळवला.

परवा मला राहवलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सरळ सांगून टाकलं, "आई, तो प्रश्न मी ठरवून विचारला होता. गप्पही ठरवूनच बसले होते. कामावर करते तसं."

मला वाटलं, आता फटका बसणार. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे तू रडत नव्हतीस?"

"कधी?"

"तेव्हा. मान खाली घालून बसली होतीस. एक शब्द निघेना तुझ्या तोंडून. मला वाटलं, पोरगी पार घाबरलीय, आता रडेल. म्हणून मी आपलं पटकन म्हणून टाकलं."

ताई, मी काय लिहू? मी समजत होते की मी तिला गुंडाळलं. ती मला सावरत होती.

मग मात्र मी खरोखर रडले, नाक पुसायला तिने तोच टॉवेल दिला. आणि मग भडकली! "चुलीत घाल तुझं ते काम! माझ्यावर प्रयोग करतेस?" शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. इतकं बरं वाटलं मला. दमल्यावर ती म्हणाली, "आता सांग. खरं काय वाटतं तुला?"

मी म्हटलं, "मला भीती वाटते. तू पाण्यात पडलीस तर?"

"मग एवढंच म्हणायचं होतं."

आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते. घरी थांबायला आई मला साफ "नाही" म्हणाली, ती उद्यापासून पुन्हा तलावावर जाणार आहे. पाण्यात उतरणार नाही. दुसऱ्या शिक्षिका उतरतील, ही खुर्चीत बसून शिट्टी वाजवेल. काल आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग तिच्याशी बराच वेळ वाद घातला आणि शेवटी म्हणाले, "खुर्ची सावलीत हवी, गोळ्या वेळेवर हव्यात, आणि ओरडणं जरा कमी." पहिल्या दोन गोष्टी तिने कबूल केल्या आहेत.

धोका गेलेला नाही. तू लांब आहेस, म्हणून तुझी भीती माझ्याहून मोठी असणार, हेही कळतं. तुला हे पटलं नसेल तर तसं सांग. रागाव. मी तुझा राग मऊ करणार नाही. फक्त फोनवर मी मध्येच गप्प झाले, तर या वेळी मी रडतच असेन असं समज.

आई उठली वाटतं. मोडक्या दांडीचा मग कुठे ठेवलास म्हणून ओरडतेय. मी टाकला नव्हता.

तुझीच,
जिला आईने अखेर "नाही" म्हटलं, ती धाकटी